शिस्त आणि ताबा

संध्याकाळी चंडीगढच्या एखाद्या सेक्टरातून फेरफटका मारणाऱ्याला सामुदायिक केंद्राच्या सभागृहातून किंवा उद्यानाच्या हिरवळीवरून एका सुरात उठणाऱ्या आरोळ्या हमखास ऐकू येतात. पांढऱ्या पोशाखातील मुलेमुली रांगेने उभी असतात. कुणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कुणाच्या हिरवा, एखाददुसऱ्याच्या तपकिरी. समोर काळा पट्टा बांधलेले शिक्षक. त्यांनी एक शब्द उच्चारला की सगळ्या मुठी एकदम पुढे येतात. कुंपणापलीकडे बाकांवर आया बसलेल्या असतात. घरी दहा वेळा सांगूनही जागचे न हलणारे आपले मूल येथे एका शब्दासरशी कमरेत वाकते, याचे कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

हे कौतुक अनाठायी आहे असे मुळीच नाही. कराटे, ज्यूदो, तायक्वांदो, आपली कुस्ती किंवा पंजाबातील गतका या सर्व विद्यांमध्ये शिस्त ही निव्वळ शोभेची वस्तू नसते. ज्या विद्येत दुसऱ्याचा सांधा पिरगाळावयाचा, गळा आवळावयाचा किंवा त्याला खांद्यावरून जमिनीवर आपटावयाचे असते, तेथे 'थांबा' म्हटल्याबरोबर थांबणे हा जीविताचा प्रश्न असतो. गणिताच्या वर्गात एखाद्या मुलाने शिक्षकाचे ऐकले नाही, तर त्याचे उदाहरण चुकते. येथे कुणाचा तरी हात मोडतो. म्हणून या शाळांत आज्ञापालन अधिक कडक असते आणि ते तसे असणेच योग्य आहे. परंतु याच कारणामुळे या शाळांत एक धोकाही दडलेला असतो. जी आज्ञा प्रारंभी अपघात टाळण्यासाठी दिली जाते, ती हळूहळू सरावाच्या जागेबाहेर पसरू लागते. मुलाने कुणाशी मैत्री करावी, काय खावे, कोणत्या स्पर्धेस जावे, घरी काय सांगावे आणि काय सांगू नये, हेही शिक्षक ठरवू लागतो. या स्थितीला शिस्त म्हणता येणार नाही. तिला 'ताबा' हा साधा शब्द पुरेसा आहे.

शिस्त आणि ताबा या दोहोंचे बाह्य रूप पुष्कळदा सारखेच असते, ही खरी अडचण आहे. दोन्हीकडे मुले रांगेत उभी राहतात, दोन्हीकडे घाम गळतो, दोन्हीकडे शिक्षकाचा आवाज चढतो. मग बाकावर बसलेल्या आईने भेद ओळखावयाचा कसा?

याचे उत्तर ज्यूदोच्या एका अगदी प्राथमिक नियमात सापडते. प्रतिस्पर्ध्याची पकड असह्य झाली की खेळाडू जमिनीवर किंवा त्याच्या अंगावर हाताने दोन वेळा थोपटतो. तो इशारा होताच पकड सोडावीच लागते. समोरचा वरिष्ठ असो वा कनिष्ठ, डाव कितीही रंगलेला असो, इशारा झाल्यावर कारण विचारले जात नाही. पहिल्या आठवड्यात मुलांना जे थोडेफार शिकवले जाते, त्यात हा नियम असतो. शाळा निकोप आहे की नाही, हे पाहताना विचारावयाचा प्रश्न एवढाच की, हा नियम शिक्षकालाही लागू आहे काय? मुलाने 'मला हे नको' असे म्हटले, पालकाने शंका काढली, एखाद्याने शाळा सोडण्याचे ठरवले, तर पकड सुटते की अधिकच घट्ट होते?

आपल्याकडील जुन्या तालमींचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. कोल्हापुरातील तालमींत वस्तादाचा शब्द अखेरचा मानला जाई. पहाटे उठणे, जोर-बैठका, हौद्यातील माती खणणे, वस्तादाची सेवा करणे, यांतून कुणाचीही सुटका नसे. आजच्या दृष्टीने पाहता यातील कित्येक गोष्टी आक्षेपार्ह वाटतील, आणि काही तशा होत्याही. तरीसुद्धा तालमीला एक मोठे संरक्षण होते. तालीम पेठेची असे. तिच्या कट्ट्यावर म्हातारी माणसे बसलेली असत, येणारा-जाणारा आत डोकावत असे, मल्लाच्या खुराकाचा खर्च घर आणि पेठ उचलत असल्यामुळे वस्तादाला चार लोकांना तोंड द्यावे लागे. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाचे वैशिष्ट्य असे की, बसण्याच्या कोणत्याही जागेवरून आखाड्यातील कुस्ती दिसते. आनंदपूर साहिबला होला मोहल्ल्याच्या दिवशी गतक्याचे खेळ होतात, तेही हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत. या विद्या सार्वजनिक होत्या. भाड्याच्या तळघरात, काचेला काळा कागद लावून, 'सराव चालू असताना पालकांना प्रवेश नाही' अशी पाटी टांगून त्या शिकवल्या जात नव्हत्या.

अर्थात परंपरेचा हवाला देऊन प्रश्न सुटत नाही. गुरूला सर्वस्व अर्पण करण्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा एकलव्याची आहे. ती आपण मुलांना भक्तीचा आदर्श म्हणून सांगतो. द्रोणांनी ज्याला शिकवण्याचे नाकारले, त्याच्याकडून त्याच्या विद्येचे साधनच मागून घेतले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एका प्रिय शिष्याचा पहिला क्रमांक टिकावा म्हणून दुसऱ्याचा अंगठा घेतला गेला. विद्यार्थ्याने काय द्यावे यावर जेथे मर्यादाच नसते, तेथे काय घडू शकते याचे इतके स्वच्छ चित्र अन्यत्र सापडणे कठीण.

आता आधुनिक काळाकडे वळू. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढे शिक्षणाचा आदर्श होता. ते स्वतः शिक्षक होते. जुन्या विद्यांतील प्राणघातक भाग वगळून, दोघांचेही कल्याण होईल अशी एक शिस्तबद्ध पद्धती त्यांनी घडवली. काळ्या पट्ट्याची प्रथाही तेथूनच आली. रंगीत पट्ट्यांची लांब शिडी मात्र बरीचशी पुढे युरोपात वाढली. विद्यार्थ्याला आपली प्रगती डोळ्यांना दिसावी, हा तिचा हेतू. आज आपल्याकडे त्या शिडीच्या प्रत्येक पायरीला परीक्षा-शुल्क असते. शुल्क असणे यात गैर काही नाही. शिक्षकालाही पोट असते. पण पट्टा कोणत्या कसोट्यांवर मिळतो हे लेखी नसेल आणि तो शिक्षकाच्या मर्जीवर दिला किंवा अडवला जात असेल, तर त्या कापडी पट्टीला लगामाचे रूप येते. एकाच कलेच्या अनेक संघटना, प्रत्येकीची वेगळी प्रमाणपत्रे आणि एका संघटनेचा पट्टा दुसरीत न चालणे, या परिस्थितीत चार वर्षे घालवलेल्या मुलाला शाळा बदलणे म्हणजे पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून प्रारंभ करणे असे वाटते. ते खरे असो वा नसो, त्याला तसे वाटावे अशी व्यवस्था केलेली असते.

कानो यांच्याच देशात, त्यांच्याच विद्येत पुढे जे घडले ते येथे सांगणे आवश्यक आहे. लंडन ऑलिंपिकनंतर, २०१२ च्या सप्टेंबरात, जपानच्या महिला राष्ट्रीय संघातील एका खेळाडूने मुख्य प्रशिक्षकाच्या मारहाणीविषयी ज्यूदो महासंघाकडे तक्रार केली. महासंघाने प्रशिक्षकाला समज दिली आणि त्यालाच पदावर कायम ठेवले. डिसेंबरात पंधरा महिला खेळाडूंनी एकत्र येऊन जपानच्या ऑलिंपिक समितीकडे दाद मागितली. थपडा, बांबूच्या तलवारीचे फटके आणि अपमानास्पद बोलणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जानेवारी २०१३ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांत आले, तेव्हा कोठे प्रशिक्षकाने राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी पुढे महासंघाच्या अध्यक्षांनाही पायउतार व्हावे लागले. त्याच सुमारास आणखी एक भयंकर गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. १९८३ नंतरच्या तीन दशकांत त्या देशातील शाळांमध्ये ज्यूदो खेळताना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्यू पावले होते.

त्या पंधराजणींविषयी वाचकाने क्षणभर विचार करावा. त्या प्रौढ होत्या. जगातील अत्यंत बलवान आणि निष्णात स्त्रियांत त्यांची गणना होत होती. रस्त्यात कुणी आडवा आला असता, तर त्याला त्यांनी सहज लोळवले असते. तरीही थप्पड मारणाऱ्या शिक्षकाचा हात त्यांना धरता आला नाही, कारण त्यांची निवड त्याच्या हाती होती. 'माझी मुलगी कराटे शिकते, तिला कशाची भीती?' असे म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात घेतले पाहिजे. अनोळखी माणसाविरुद्ध शिकलेले डाव ओळखीच्या माणसाविरुद्ध बहुधा वापरलेच जात नाहीत.

ओळखीच्या आणि प्रतिष्ठित माणसाचे असेच एक प्रकरण चंडीगढ परिसरातील आहे. ते युद्धकलेच्या शाळेतील नाही, टेनिसच्या मैदानावरील आहे. परंतु ताबा कसा बसतो, पकड सोडण्याचा इशारा केल्यावर काय होते, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून ते काहीसे विस्ताराने देत आहे.

चंडीगढला लागून असलेल्या पंचकुल्यात १९९० साली हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनचे मैदान होते. संघटनेचे अध्यक्ष शंभू प्रताप सिंह राठोड हे हरियाणा पोलिसांत महानिरीक्षक दर्जाचे अधिकारी होते. सेक्टर सहामधील त्यांच्या निवासस्थानीच मैदान आणि घराच्या गॅरेजमध्ये संघटनेचे कार्यालय, अशी व्यवस्था होती. सार्वजनिक संस्था आणि खाजगी घर यांच्यामध्ये भिंत नसणे, ही पहिली खूण आपण येथेच नोंदवून ठेवावी.

रुचिका गिर्होत्रा ही चौदा वर्षांची मुलगी तेथे खेळत असे. तिला कॅनडास पाठवण्याचा तिच्या वडिलांचा विचार होता. ११ ऑगस्ट १९९० रोजी अध्यक्ष स्वतः तिच्या घरी गेले. मुलीत गुण आहेत, तिला परदेशी पाठवू नका, मी तिच्यासाठी खास प्रशिक्षणाची व्यवस्था करतो, असे त्यांनी वडिलांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात पाठवण्यास सांगितले. कोणत्याही बापाला धन्यता वाटावी असे हे बोलणे होते. १२ ऑगस्टला रुचिका एका मैत्रिणीस बरोबर घेऊन गेली. प्रशिक्षकाला बोलावून आणण्याच्या निमित्ताने त्या मैत्रिणीला बाहेर पाठवण्यात आले आणि मधल्या वेळात रुचिकाचा विनयभंग झाला. मैत्रीण परतली तेव्हा तिने तो प्रकार डोळ्यांनी पाहिला. खटल्यात हीच साक्ष पुढे निर्णायक ठरली.

मुलींनी प्रथम घरी काही सांगितले नाही. त्यांनी अगदी मुलांना सुचेल असा उपाय केला: खेळायला जाण्याची वेळ बदलली. दोन दिवसांनी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा मात्र त्यांनी आईवडिलांना सारे सांगितले. १६ ऑगस्टला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. राज्याच्या पोलीस महासंचालकांनी चौकशी केली आणि ३ सप्टेंबरच्या अहवालात गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली. म्हणजे इशारा झाला होता, तो योग्य ठिकाणी पोहोचला होता आणि ज्याने ऐकावयाचा त्याने ऐकलाही होता. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही.

त्यानंतर तिच्याभोवतीची एकेक जागा आकसत गेली. २० सप्टेंबर १९९० रोजी चंडीगढमधील तिच्या शाळेने फी थकल्याचे कारण देऊन तिचे नाव पटावरून काढले; २०१० मध्ये झालेल्या दंडाधिकारी चौकशीने या कृतीबद्दल शाळेला दोष दिला. तिच्या भावावर मोटारचोरीचे अनेक गुन्हे दाखल झाले, त्याला १९९३ मध्ये अटक झाली. पुढे न्यायालयात तो त्यांतून मुक्त झाला. २८ डिसेंबर १९९३ रोजी रुचिकाने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला.

मैत्रिणीच्या आईवडिलांनी प्रकरण सोडले नाही. उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला चौकशीचा आदेश दिला आणि १९९९ च्या डिसेंबरअखेर गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी आरोपी अधिकारी राज्याचे पोलीस महासंचालक झालेले होते. २१ डिसेंबर २००९ रोजी, घटनेनंतर एकोणीस वर्षांनी, चंडीगढच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सहा महिन्यांची कैद आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. मे २०१० मध्ये अपिलात ती शिक्षा अठरा महिने झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली, मात्र वय लक्षात घेऊन शिक्षा भोगलेल्या सहा महिन्यांइतकीच केली. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप न्यायालयात टिकला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या प्रकरणात कोणी कुणाला मैदानावर मारले नाही. शिव्या नाहीत, फटके नाहीत, उन्हात उभे करणे नाही. कठोर प्रशिक्षकाचे जे चित्र आपल्या मनात असते, त्यातील काहीच येथे दिसत नाही. दिसते ते कौतुक, घरी येऊन केलेली चौकशी, 'खास' व्यवस्थेचे आश्वासन आणि दुसरा मार्ग बंद करणारा सल्ला. दारातून आत शिरणारा ताबा बहुधा असाच गोड बोलत येतो. म्हणून ओरडणाऱ्या शिक्षकापेक्षा एकाच मुलाला वेगळे काढणाऱ्या शिक्षकाकडे पालकांनी अधिक बारकाईने पाहावे, असे माझे मत आहे. ओरडणारा निदान सर्वांसमक्ष ओरडतो.

युद्धकलेच्या शाळेत हे वेगळे काढणे अधिक सोपे असते. तेथे शिकवताना अंगाला हात लावावाच लागतो. पवित्रा दुरुस्त करणे, पकड दाखवणे, मोच आलेला पाय चोळणे या सर्व गोष्टी स्पर्शावाचून होत नाहीत. त्यामुळे कोणता स्पर्श विद्येचा आणि कोणता नाही, हे मुलाला ठरवता येत नाही, आणि ठरवता आले तरी बोलून दाखवण्यास शब्द सापडत नाहीत. चांगले शिक्षक याबाबत फार सावध असतात. ते हात लावण्यापूर्वी सांगतात, शक्य तेथे दुसऱ्या विद्यार्थ्यावर डाव दाखवतात, एकट्या मुलाला बंद दाराआड शिकवत नाहीत, स्पर्धेच्या प्रवासात मुलींबरोबर स्त्री असल्याशिवाय निघत नाहीत. अशा शिक्षकाला याविषयी प्रश्न विचारला तर तो रागावत नाही. उलट, आपण होऊन माहिती देतो. रागावणे ही मात्र खूण समजावी.

दुसरी खूण दुखापतीच्या वेळी दिसते. या विद्येत मार लागतोच. परंतु मुलाच्या डोक्याला मार लागला असता शिक्षक त्याला बसवून ठेवतो, घरी कळवतो आणि डॉक्टरकडे पाठवतो की 'योद्धा रडत नाही' म्हणून पुन्हा रांगेत उभा करतो, यावरून बरेच काही समजते. वजनी गटासाठी जेवण तोडणे, पाणी बंद करणे हे प्रकार वाढत्या वयाच्या मुलांबाबत अत्यंत घातक आहेत. जिंकण्याचा हव्यास लहान मुलांपर्यंत उतरला आहे असे आढळल्यावर जपानच्या ज्यूदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करून टाकली. आपल्याकडे अशा निर्णयाची कल्पनाही कुणी करणार नाही.

तिसरी खूण बोलण्यात असते. रोगट शाळेत 'आपण' आणि 'ते' यांचा घोष सतत चालू असतो. दुसऱ्या शाळेत विद्या नाही, दुसऱ्या शिक्षकाने फसवले, सोडून गेलेला विद्यार्थी कृतघ्न, पालकांना या विद्येतले काय कळते, घरच्या लाडांनी मूल मऊ होते. हळूहळू मूल घरी कमी बोलू लागते. विचारले तर 'सरांनी सांगितले आहे' एवढेच उत्तर मिळते. सोडून गेलेल्यांचा उल्लेख जेथे करता येत नाही, त्यांचे छायाचित्र भिंतीवरून उतरवले जाते, त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही शिक्षा होते, ती शाळा सोडावी. एखादी शाळा पारखावयाची असेल, तर तेथील विजयचिन्हे मोजण्यापेक्षा ती सोडून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांना गाठून बोलावे. या एका भेटीतून माहितीपत्रकाच्या दहा पानांहून अधिक कळते.

पालकांच्या हातूनही या पकडीला बळ मिळते, हे अप्रिय असले तरी सांगणे भाग आहे. हरियाणा, पंजाब आणि चंडीगढ या भागांत खेळाच्या प्रमाणपत्रावर महाविद्यालयातील प्रवेश आणि सरकारी नोकरी अवलंबून असते. कोणत्या पातळीवर खेळलात यावरून श्रेणी ठरते. महाराष्ट्रातही शालान्त परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत. परंतु त्यामुळे प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या माणसाच्या हाती कुटुंबाचे भवितव्य येते. 'आणखी एकच वर्ष, राज्यस्पर्धा होऊ दे, मग सोडू,' असे आई म्हणते तेव्हा मुलाने केलेला पहिला इशारा तिनेच नाकारलेला असतो. मूल एकदाच थोपटते असे नाही. पण दुसऱ्यांदा थोपटेलच याची खात्री नसते.

कायद्याची स्थिती १९९० नंतर पुष्कळ बदलली आहे. त्या वेळी विनयभंगाच्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आलेल्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणून ओळखतात, मुलावर विश्वासाचा किंवा अधिकाराचा ताबा असलेल्या व्यक्तीने केलेला लैंगिक हल्ला अधिक गंभीर मानला. त्यासाठी किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. असा गुन्हा ठाऊक असून न कळवणे हाही गुन्हा ठरतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने न कळवल्यास त्याची जबाबदारी अधिक. प्रौढ स्त्रियांसाठी २०१३ चा कार्यस्थळावरील लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यातील कार्यस्थळाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडांगणे आणि स्पर्धांची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही २०२३ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्या मल्लांना आपली तक्रार ऐकून घेतली जावी म्हणून दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. ते प्रकरण न्यायालयापुढे गेले असल्याने त्याच्या तपशिलात येथे शिरत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडाधोरणाची आणि तक्रारनिवारणाची तरतूद आहे. मात्र सेक्टरच्या सामुदायिक केंद्रात संध्याकाळी दीड तास चालणाऱ्या वर्गापर्यंत ही तरतूद पोहोचण्यास वेळ लागेल. तोपर्यंत त्या वर्गाचे निरीक्षक बाकावर बसलेले पालकच.

त्यांनी काय करावे? प्रवेश घेण्यापूर्वी दोन-तीन वेळा वर्ग पाहावा. त्यांतील एकदा तरी न सांगता जावे. पट्ट्याच्या परीक्षेचे निकष आणि शुल्क लेखी मागावे. शिक्षकाखेरीज तक्रार ऐकणारी दुसरी व्यक्ती कोण, तिचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक कोठे लावला आहे, हे विचारावे. दुसरी व्यक्तीच नसेल तर तेही समजते. मुलाला 'आज काय शिकलास?' याबरोबरच 'आज कुणाला ओरडा बसला, आणि का?' असेही सहज विचारत राहावे. स्वतःविषयी न बोलणारे मूल दुसऱ्याविषयी बोलते. मूल अचानक जाण्यास टाळाटाळ करू लागले, वेळ बदलून मागू लागले, तर आळस म्हणून उडवून लावू नये. पंचकुल्यातील त्या दोन मुलींनीही आधी केवळ वेळच बदलली होती.

एखादा शिक्षक नुसताच कडक असेल तर? तर तो कडक आहे, एवढेच. पंचवीस जोर काढावे लागले, उशिरा आल्याबद्दल दाराशी उभे राहावे लागले, परीक्षेत नापास झाले म्हणून रडू आले, या कारणांसाठी शाळा सोडवू नये. असे मूल दुसऱ्या दिवशी कुरकुरत का होईना पट्टा बांधते, आणि घरी आल्यावर सरांची नक्कल करून दाखवते. ज्याची नक्कल घरी मोकळेपणाने करता येते, त्या शिक्षकाची भीती बहुधा निकोप असते.

शाळा सोडण्याचा निर्णय झाला, तर तो लेखी कळवावा. झालेल्या परीक्षांची आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे, दुखापतीचे कागद यांच्या प्रती आधीच स्वतःजवळ असाव्यात. निरोप देण्यासाठी मुलाला एकटे पाठवू नये. इतर मुलांच्या पालकांना कारण स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण ती मुले अजून आत आहेत. गैरप्रकाराचा संशय असेल, तर संघटनेच्या अंतर्गत चौकशीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पोलीस ठाणे आहे आणि मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालू असते. आणि सरावाला जाताना मुलांनी जोडीने जावे, जोडीनेच परतावे. १२ ऑगस्ट १९९० रोजी पंचकुल्याच्या त्या कार्यालयात रुचिका एकटी गेली असती, तर न्यायालयापुढे उभे राहून 'मी पाहिले' असे म्हणणारे कुणीही नसते.